पहाटे तीनला जाग येते, आणि भट्टी थंड असते

पिठाक्षरी | ६ जानेवारी २०२६, पहाटे ३.४०

मंडळी, आधीच सांगते, हे रडगाणं नाही. वेळ बघून काळजी करू नका, तब्येत ठणठणीत आहे.

माझी छोटी बेकरी आहे. मी, एक मदतनीस, एक ओव्हन आणि कुरकुरणारा एक मिक्सर. नऊ वर्षं झाली. डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा म्हणजे नुसती झुंबड, जेवायलाही उभ्याउभ्याच. आणि १ तारीख उलटली की कुणीतरी नळ बंद करावा तसं सगळं थांबतं. लोकांनी महिनाभराचा केक आठवड्यात खाल्लेला असतो आणि उरलेल्यांनी गोड सोडायचा संकल्प केलेला असतो. (हा संकल्प फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकतो. माझ्या ऑर्डरच्या वहीत दरवर्षी तसंच दिसतं.) तोवर आठवड्यातून तीनच दिवस भट्टी पेटते.

दुकानाला सुटी देता येते, शरीराला कशी देणार? नऊ वर्षं पहाटे तीनला उठल्यावर आता गजर लागतच नाही. डोळे टक्क उघडतात. घर झोपलेलं, ओव्हन थंड, मळायला काही नाही.

पहिले काही हिवाळे मी साफसफाईत घालवले. ओव्हनच्या दाराचं रबर बदललं. आत वेगळा तापमापक ठेवून पाहिला, तर बाहेरचा आकडा २२० आणि आत जेमतेम २०५! दोन वर्षं पाव फिके का निघत होते ते त्या दिवशी कळलं. वजनकाटा तपासला. डबे धुतले. मग धुतलेले डबे पुन्हा धुतले. नवरा म्हणाला, अगं, आता पत्र्याचा रंग जाईल.

मग एक हिवाळा विणकाम. वर्षभर मळून दुखणाऱ्या मनगटाला आराम म्हणून मी काय निवडावं, तर दोन सुया! तिसऱ्या आठवड्यात अंगठा सुजला. डॉक्टरांनी विचारलं, "सुटीत काय केलंत?" मी मफलर दाखवला. ते बराच वेळ मफलरकडेच बघत राहिले. तो अजून अर्धाच आहे.

यंदा मात्र वेगळंच झालं. सासऱ्यांच्या कपाटात त्यांची जुनी दुर्बीण सापडली, दोन डोळ्यांची, वर १० गुणिले ५० असं लिहिलेली. कुठेतरी वाचलं होतं की ३-४ जानेवारीच्या पहाटे उल्कावर्षाव असतो. म्हटलं, जाग तर येतेच आहे. ४ तारखेला गच्चीत गेले. अंगावर दोन स्वेटर, वर ओव्हनचे हातमोजे, कारण दुसरे मिळाले नाहीत. उल्का दिसली एक. तीही बहुतेक डोळ्यात पाणी आल्यामुळे. कारण वर पौर्णिमेचा चंद्र, टिपूर, अख्खं आभाळ धुऊन काढलेलं. पण त्या चंद्राच्या अगदी शेजारी एक ठसठशीत तारा होता, जराही न लुकलुकणारा. त्याच्याकडे बघत मी पाऊण तास उभी होते. इतका वेळ मी ओव्हनच्या काचेशिवाय कशाकडेही पाहिलेलं नाही.

तर प्रश्न दोन. तो तारा कोणता? आणि तुमचा धंदा मंदावतो तेव्हा तुम्ही काय करता? अट एकच, ज्यातून पैसा मिळत नाही असं सांगा.

---

दुर्बीणवाला | ६ जानेवारी, सकाळी ७.१५

ताई, तो तारा नाही, गुरू. लुकलुकत नव्हता तिथेच तुम्ही अर्धं ओळखलं होतंत. सध्या मिथुन राशीत आहे आणि १० तारखेला आपल्या आभाळात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतोय, म्हणून इतका तेजस्वी. पहाटे पश्चिमेकडे कललेला दिसेल.

आता नीट ऐका. उद्या ७ जानेवारी. १६१० साली याच तारखेला गॅलिलिओने गुरूकडे दुर्बीण वळवली आणि त्याच्या शेजारी एका ओळीत तीन ठिपके पाहिले. पुढच्या रात्री त्यांनी जागा बदललेल्या. १३ तारखेपर्यंत चौथाही सापडला. गुरूचे चंद्र! त्याच्या दुर्बिणीची काच आजच्या मानाने यथातथाच होती. तुमच्या १० गुणिले ५० मधून ते दिसतात, फक्त हात हलता कामा नये. कोपरं कठड्यावर टेकवा, नाहीतर दुर्बीण कशावर तरी ठेवा.

आणि उल्कांचं वाईट वाटून घेऊ नका. त्या वर्षावाचा भर जेमतेम काही तास टिकतो, त्यात यंदा नेमकी पौर्णिमा. आमचीही एकच.

---

रात्रपाळी | ६ जानेवारी, सकाळी ७.५०

हुश्श. आत्ताच घरी आलो. तीनला जाग येणाऱ्यांच्या क्लबात स्वागत, मी अकरा वर्षं सभासद आहे.

एक गंमत सांगतो. शरीरातलं घड्याळ पेशीपेशीत कसं चालतं हे शोधल्याबद्दल २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना मिळालं. त्यांनी प्रयोग कशावर केले? फळमाशीवर. म्हणजे पिठाक्षरी, तुमच्या आंबवणाच्या बरणीवर घिरट्या घालणारी ती चिमुकली माशी! तुमचं घड्याळ समजलं ते तिच्यामुळे आणि तुम्ही तिला फडक्याने हाकलता.

बाकी, घड्याळ सरकवायचं असेल तर उजेडाने सरकतं. संध्याकाळी उजेडात राहायचं, पहाटे अंधारात. पण तुम्हाला सरकवायचंय असं वाटत नाही.

---

पिठाक्षरी | ६ जानेवारी, सकाळी ९.०५

@रात्रपाळी, त्या माशीला मी आजवर काय काय बोलले ते आठवून लाज वाटली. हिवाळ्यात येत नाहीत फारशा. उन्हाळ्यात माफी मागेन.

सरकवायचं नाहीये. फेब्रुवारीत पुन्हा तीनलाच उठायचंय, तेव्हा महिन्याभरासाठी शरीराशी भांडण कोण काढणार?

@दुर्बीणवाला, उद्या कठडा.

---

उद्योगी_माणूस | ६ जानेवारी, सकाळी १०.३०

छान लिहिलंय. पण एक संधी हातची जातेय असं नाही वाटत? "पहाटेचं आकाशदर्शन आणि भट्टीतला गरम पाव." दहा-दहा जणांचे गट, आगाऊ नोंदणी. किंवा ग्रहमालेचे केक, गुरूच्या पट्ट्यांचं आयसिंग फार सुंदर दिसतं. मंद हंगामात खेळतं भांडवल हीच छोट्या धंद्याची खरी अडचण असते. भाडं आणि मदतनिसाचा पगार जानेवारीतही द्यावाच लागतो.

---

पिठाक्षरी | ६ जानेवारी, सकाळी ११.१०

अट वाचलीत का हो? शेवटची ओळ होती.

रागावले नाहीये. पण मला हे गेल्या पाच वर्षांत प्रत्येकाने सांगितलंय. विणायला घेतलं तर "मफलर विक". बरणीवर फुलं रंगवली तर "बरण्या विक". अहो, माझ्या हाताने केलेली प्रत्येक गोष्ट नऊ वर्षं काट्यावर चढते, तिच्यावर चिठ्ठी लागते आणि कुणीतरी म्हणतं की मागच्या वेळी जास्त चांगली होती. एक गोष्ट अशी असू दे की जिला गिऱ्हाईक नाही.

---

खमंग_आजोबा | ६ जानेवारी, दुपारी ३.२०

पोरी, तुझ्या शेवटच्या वाक्यासाठी लॉगिन झालो. पासवर्ड नातवाला विचारावा लागला.

मी चाळीस वर्षं पाव भाजले. माझ्या दुकानात भट्टीशेजारच्या भिंतीवर लंबकाचं घड्याळ होतं. हंगामात ते मागे पडायचं आणि हिवाळ्यात भट्टी आठवडा-आठवडा बंद असली की पुढे पळायचं. मला वाटलं बिघडलं. एका जानेवारीत उतरवलं, उघडलं, सगळी चाकं पुसली, पुन्हा लावलं. तरी तेच.

मग एका जाणत्याने सांगितलं की घड्याळ ठीक आहे, लंबकाची दांडी उबेने लांबते आणि थंडीने आखडते. लांब लंबक सावकाश हलतो, आखूड भरभर. पोलादी दांडी असेल तर दहा अंशांच्या फरकाला दिवसाला साधारण पाच सेकंद. माझ्या भट्टीच्या भिंतीवर पंधरा अंशांचा फरक सहज पडत असेल, म्हणजे आठवड्याला जवळपास मिनिटभर. मी मनात म्हटलं, गंमतच आहे, थंडीत कणीक मागे पडते आणि घड्याळ पुढे पळतं, आणि आपण दोघांच्या मध्ये उभे! हॅरिसन नावाच्या सुताराने सतराशे-वीसच्या दशकात यावर तोड काढली होती, पितळ आणि पोलाद अशा दोन धातूंच्या दांड्या एकमेकींविरुद्ध लावून, एक लांबली की दुसरी ते फेडते. हे कळल्यावर मला घड्याळांचं वेडच लागलं. दर हिवाळ्यात एक जुनं घड्याळ आणायचं, खोलायचं, पावाच्या ट्रेमध्ये भाग ओळीने मांडायचे.

आता तुझा मुद्दा. शेजाऱ्याचं घड्याळ दुरुस्त करून दिलं, त्याने बळेच पैसे दिले. मी घेतले. पुढच्या हिवाळ्यात एकवीस घड्याळं आली. प्रत्येकाला शनिवारपर्यंत हवं. एक बाई तर रोज येऊन विचारायची, झालं का, झालं का, अगदी पावाच्या रांगेत उभं राहून. मार्च उजाडला, हंगाम सुरू झाला, तरी सात बाकी. ती सात मी कशी संपवली ते माझं मला माहीत. त्यानंतर स्क्रूड्रायव्हर हातात धरवेना. चार वर्षं.

आता एकच घड्याळ ठेवलंय. अजूनही हिवाळ्यात पुढे जातं. मी जाऊ देतो.

---

अर्धवट_विणलेलं | ६ जानेवारी, दुपारी ४.००

आजोबा __/\__

(आणि पिठाक्षरी, माझ्या सदस्यनामाचा अर्थ आता तरी सगळ्यांना कळला असेल. मी केकवर फुलं काढते, दुसरा अंगठा माझा.)

---

उद्योगी_माणूस | ६ जानेवारी, संध्याकाळी ६.४५

आजोबांचा किस्सा पटला. तरी एक बोलतो, हलके घ्या. छंद बिनपैशाचा ठेवणं हेही परवडावं लागतं. माझ्या बहिणीची बेकरी होती. एका जानेवारीत तिने फावल्या वेळात मेणबत्त्या करून विकल्या नसत्या तर मदतनिसाला काढावं लागलं असतं. तिला मेणबत्त्यांची आवड होती की नाही, हे कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

---

पिठाक्षरी | ६ जानेवारी, रात्री ८.१०

हे मान्य. अगदी मान्य. माझ्या घरात दुसरा पगार येतो म्हणून माझी ही थेरं चालतात. पहिल्या दोन हिवाळ्यांत तो नव्हता, तेव्हा मी पण टोस्ट भाजून दारोदार विकलेत आणि आकाशाकडे फक्त पाऊस येईल का ते बघायला पाहिलंय. तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा. आणि आता तरी विचारा तिला.

---

पिठाक्षरी | ७ जानेवारी, पहाटे ४.२५

दिसले!!!

कठड्यावर पिठाची अर्धी भरलेली पिशवी ठेवली, तिच्यात दुर्बीण रुतवली. पिशवी हवा तसा आकार घेते, इकडेतिकडे डगमगत नाही. कुणाला स्टँड परवडत नसेल तर पाच किलो मैदा घ्या. तीन ठिपके नक्की, गुरूच्या दोन्ही बाजूंना, सरळ रेषेत. चौथा आहे असं कधी वाटत होतं, कधी नाही.

बोटं इतकी गारठलीत की टाइप करताना जोडाक्षरं चुकतायत. नवऱ्याला उठवलं. तो आला, बघितलं, "हं, ठिपके" म्हणाला आणि जाऊन झोपला.

---

दुर्बीणवाला | ७ जानेवारी, सकाळी ६.५०

पिठाची पिशवी!! वीस वर्षं या छंदात आहे, हे सुचलं नव्हतं. (छायाचित्रणवाले तांदूळ-वाटाण्याच्या पिशव्या वापरतात, मैदा पहिल्यांदाच ऐकला.)

चंद्र आता रोज उतरतोय. १८ तारखेला अमावास्या. त्या सुमारास पहाटे चारला बाहेर या, वीस-पंचवीस मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. तोवर मोबाइल बघायचा नाही, एका नजरेत सगळं वाया जातं. सप्तर्षी उत्तरेला उंच असतील, शेपटीच्या मधल्या ताऱ्यावर दुर्बीण लावा, वसिष्ठ आणि शेजारी अरुंधती. मग पश्चिमेकडे गुरूच्या जरा वर, मिथुन आणि सिंहेच्या मधल्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेत पुष्याजवळ शोधा. काय ते सांगत नाही.

---

नवशिकी | ८ जानेवारी, सकाळी ११.००

अवांतर विचारू का? सगळे बेकर जमलेच आहेत म्हणून. मी घरीच ब्रेड करते, थोड्याफार ऑर्डरी घेते. थंडीत माझं पीठ फुगतच नाही. उन्हाळ्यात दीड तासात दुप्पट होतं, आता चार तास झाले तरी ढिम्म. यीस्ट दुप्पट टाकलं तर वास येतो.

---

पिठाक्षरी | ८ जानेवारी, दुपारी १२.१५

अवांतर कसलं, हाच तर धंदा. यीस्ट वाढवू नकोस, पाणी तापव. आणि अंदाजाने नाही, हिशेबाने.

मळून झाल्यावर पीठ किती अंशांचं हवं ते ठरव, समज २५. त्याला तीनने गुण, ७५. त्यातून खोलीचं तापमान वजा कर, मग मैद्याचं, मग मिक्सरच्या घर्षणाने वाढणारी ऊब. माझ्याकडे आज सकाळी खोली १५, मैदा १४ (पोतं फरशीवर होतं, फरशी गार), मिक्सरचे ६. म्हणजे ७५ वजा ३५, पाणी ४० अंश. हाताने मळत असशील तर घर्षणाचे दोन-तीनच धर, पाणी आणखी जरासं कोमट लागेल. पण पाणी हाताला चटका बसेल इतकं तापवू नकोस, पन्नाशी ओलांडली की यीस्टचे हाल सुरू होतात आणि साठीपर्यंत ते मरतं.

मिक्सरचे किती धरायचे ते एकदा मळून तापमान मोजलंस की कळेल. प्रत्येक यंत्राचं वेगळं असतं. माझा मिक्सर म्हातारा आहे, चिडका आहे, जास्त तापवतो.

मळल्यावर पीठ ठेवायचं कुठे? बंद ओव्हनमध्ये, खालच्या कप्प्यात उकळत्या पाण्याचं भांडं. ओव्हन लावायचा नाही. (मी एकदा विसरून लावला होता. प्लास्टिकच्या टोपासकट.)

आणि चार तास ढिम्म असलं तरी घाबरू नकोस. सावकाश आंबलेल्या पावाला चव जास्त येते. घाई गिऱ्हाइकाला असते, यीस्टला नसते.

---

नवशिकी | ९ जानेवारी, संध्याकाळी ५.३०

४१ अंश पाणी, मैदा १६. दोन तासांत दुप्पट!!! ताई तुम्ही थोर आहात. मैद्याचं तापमान मोजायचं असतं हेच माहीत नव्हतं.

---

उलटसुलट | १० जानेवारी, रात्री ९.४०

उशिरा आलो, पण मूळ प्रश्नाचं उत्तर देतो. मी बिस्किटं आणि पाव करतो. मंद हंगामात लाकूड कोरतो. पावावर उमटवायचे ठसे.

सुरुवात अशी झाली की इटलीतल्या हर्क्युलेनियम या जुन्या रोमन शहरात सापडलेल्या एका पावाचं चित्र पाहिलं. इ.स. ७९ साली व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा जळून कोळसा झालेला, पण आकार शाबूत. गोल, आठ फोडी पाडलेला, आणि त्यावर ठसा, 'क्विंटस ग्रॅनियस व्हेरसचा गुलाम केलर याचा'. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं नाव आज कशावर वाचतोय, तर पावावर! तो आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

म्हटलं, आपणही कोरू. ठशावर अक्षर उलटं कोरावं लागतं हे मला माहीत होतं. हो, माहीत होतं. तरी पहिल्या ठशावर 'शुभ' कोरताना श उलटा काढला, उकार सरळ आणि भ... भ च्या बाबतीत काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. बायकोने पावावरचं वाचून विचारलं, "हा कुठला मंत्र?" आता आधी कागदावर लिहितो, कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरतो आणि मागून गिरवतो. शिरोरेषा शेवटी कोरायची, आधी कोरली तर अक्षरं तिला धरून फाटतात.

लाकूड बारीक रेघांचं हवं, तेलपाण्याशिवाय कोरडं, आणि रंगरोगण अजिबात नाही, पीठ लागणार त्याला. ठसा उमटवायच्या आधी पावावर मैदा भुरभुरवायचा, नाहीतर ठसा पावाला घेऊन वर येतो.

विकत नाही. मागितले दोघांनी. आजोबांचं वाचल्यावर नाही म्हणायला जोर आला.

---

खमंग_आजोबा | ११ जानेवारी, सकाळी ८.००

त्या केलरला माहीत असतं तर म्हणाला असता, दोन हजार वर्षं ठेवलात, खाल्ला का नाहीत?

---

पिठाक्षरी | १४ जानेवारी, दुपारी २.३०

@उलटसुलट, त्या मंत्राचा फोटो हवा. विषय संपला.

दरम्यान माझं दिवसाचं नवं खूळ, क्रोसाँ. उन्हाळ्यात माझ्या स्वयंपाकघरात लोण्याला धर नसतो, लाटता लाटता पिठात विरघळून जातं आणि हाती येतो तेलकट ब्रेड. आता १५ अंशांत लोणी शहाण्यासारखं वागतंय. पण परवा आणखी गारठलं तेव्हा उलटं झालं. फ्रिजमधून काढून लगेच लाटायला घेतलं तर आत लोण्याचे तुकडे पडले, जुन्या भिंतीचे पोपडे निघावेत तसे, वरून हात फिरवला तरी जाणवत होते. भाजल्यावर एका जागी नुसतं लोणी, दुसऱ्या जागी नुसता पाव. लोणी वाकवल्यावर न तुटता वाकलं पाहिजे आणि बोटाला चिकटता कामा नये, तेवढीच ती वेळ. पीठ आणि लोणी दोन्ही सारख्याच मऊपणाचे असले की एकमेकांशी भांडत नाहीत.

तीन वेळा तीन-तीन घड्या घातल्या की लोण्याचे २७ थर होतात. चौथी घडी घातली तर ८१, पण मग थर इतके पातळ होतात की पापुद्रे सुटायच्या ऐवजी एकजीव होतात. मी घालून पाहिली. घालायची नव्हती, पण रिकामटेकडी आहे ना. शेजाऱ्यांना वाटले. पैसे घेतले नाहीत. @उद्योगी_माणूस, कळतंय ना.

---

उद्योगी_माणूस | १४ जानेवारी, दुपारी ३.००

कळतंय. (क्रोसाँ मात्र विकाच. ते छंदात धरता येणार नाही, उद्योगच आहे तो तुमचा.)

बहिणीला विचारलं. मेणबत्त्या आवडायच्या म्हणाली. विकायला लागेपर्यंत.

---

पिठाक्षरी | १९ जानेवारी, पहाटे ४.५०

@दुर्बीणवाला, सापडलं.

पंचवीस मिनिटं अंधारात बसले, मोबाइल घरात ठेवून. मघा ओळखता आली. स्वातीही, ती पूर्वेला नारिंगी. मग गुरूपासून वर सरकत, रिकामी जागा, रिकामी जागा, आणि एकदम... पहाटे दिव्याखाली मैदा चाळताना चाळणीला टिचकी मारली की हवेत जो कणांचा धुरळा तरंगतो ना, तसं. इतकं तसंच, की मी नकळत श्वास रोखला. उडून जाईल म्हणून.

---

दुर्बीणवाला | १९ जानेवारी, सकाळी ७.००

मधमाश्यांचं पोळं म्हणतात त्या तारकागुच्छाला इंग्रजीत. नुसत्या डोळ्यांनी धुरकट डाग दिसतो. गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा त्या डागात चाळीसेक तारे मोजले. अंतर सुमारे ६०० प्रकाशवर्षं.

पिठाचा धुरळा मला मधमाश्यांपेक्षा जास्त पटला.

---

रात्रपाळी | १९ जानेवारी, सकाळी ७.४०

आज मधल्या सुटीत इमारतीच्या गच्चीवर गेलो. दुर्बीण नाही, पण सप्तर्षी सापडले. पहारेकऱ्याने विचारलं काय हरवलंय. म्हटलं काही नाही. तोही थांबला मग.

---

पिठाक्षरी | १२ फेब्रुवारी, पहाटे ५.१०

संकल्प मोडले लोकांनी, वहीप्रमाणेच. परवापासून ऑर्डरी सुरू. आज तीनलाच उठले, पण कामाला.

पहिला घाणा आत टाकला की बावीस मिनिटं मिळतात. मागचं दार उघडून बाहेर गेले. आग्नेयेला ज्येष्ठा, लालसर, आणि तिच्या पलीकडे झिजलेला चंद्र. डोळे सरावायला वेळ नव्हता, तरी दिसली. मदतनीस म्हणाली, ताई, आभाळात काय पाव भाजताय? तिच्याही डोळ्याला लावून दिली. "हालतंय सगळं" म्हणाली. पिठाची पिशवी आणून ठेवली तिच्यासमोर.

आता अडचण. दुर्बीण अ‍ॅप्रनशेजारच्या खिळ्यावर टांगते आणि फोकसच्या चाकात मैदा गेलाय. फिरवताना करकर वाजतं. भिंगावरही हलका थर आहे. कसं साफ करू? पुसून टाकू का ओल्या फडक्याने?

---

दुर्बीणवाला | १२ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

थांबा थांबा थांबा. पुसू नका! आधी रबरी फुंकणीने उडवा, मग मऊ कोरड्या ब्रशने झटका, चाकाच्या खाचेतही. भिंग नुसतं फडक्याने घासलंत तर त्यावरच्या लेपाला चरे पडतील. आणि ओलं फडकं अजिबात नाही. पाणी आणि मैदा एकत्र आल्यावर काय होतं ते तुम्हाला मी सांगायचं का?

आणि खिळ्यावर नका टांगू. झाकणाचा डबा घ्या एखादा. धुतलेले खूप आहेत ना तुमच्याकडे?